वरीलप्रमाणे

नदीकाठच्या महादेवासमोर संकल्प सांगून झाला आणि 'दख्खनमुकुट' गाडीतले साठही प्रवासी माझे भाऊबंद झाले. तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ पाहिलं, कारण साडेनऊला नाश्ता लावायचा होता.

चूक माझी होती. 'दख्खनमुकुट' ही एकवीस डब्यांची आलिशान पर्यटन गाडी आहे आणि तिच्यावर मी अकरा वर्षं पाहुण्यांची व्यवस्था पाहतो. आजवर ही गाडी किल्ले, लेणी आणि द्राक्षांचे मळे दाखवत असे. या हंगामात कंपनीने त्यात देवस्थानं घातली. पाच दिवस, पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर पाहुण्यांच्या नावाने अभिषेक. त्यासाठी गुरुजींनी यादी मागितली होती: नाव, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. मी कोऱ्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत नमुना म्हणून स्वतःची माहिती भरली. रत्नाकर आडगणकर, गोत्र अत्रि, कुलदैवत भगवती, मूळ गाव राजापूरजवळचं आडगण. मग तक्ता डब्याडब्यांतून फिरवला.

तो परत आला तेव्हा त्यात साठ नावं होती आणि बाकीचे रकाने कोरे होते. यादी सहा वाजता पाठवायची होती. पाच वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मी माझ्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत एक उभी रेघ ओढली आणि तिच्या टोकाला लिहिलं, 'वरीलप्रमाणे'.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ती यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एकाच घरातली एवढी माणसं," ते म्हणाले. "बरं वाटलं. हल्ली दोन सख्खे भाऊ एकत्र येत नाहीत."

आणि त्यांनी हातावर पाणी सोडलं.

फरक नाश्त्याच्या वेळीच दिसला. पळनीअप्पन नावाचे पंचाहत्तरीचे गृहस्थ कोइमतूरचे, त्यांच्या सूतगिरण्या आहेत. आदल्या संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी इंग्रजीत आणि मोजकंच बोलत होते. त्या सकाळी त्यांनी पुढ्यातलं ऑम्लेट बाजूला सारलं आणि मला राजापूरकडच्या मराठीत विचारलं, "रत्नू, पेज नाही का रे?"

मला रत्नू म्हणणारं माणूस जगात एकच आहे, माझे बाबा. मी म्हणालो, पेज करायला सांगतो.

"मीठ बेताने. मला सोसत नाही."

शेजारच्या टेबलावर बेल्जियममधल्या गेंटच्या लीनबाई बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून नवऱ्याला बजावलं, "अहो, अप्पाकाकांच्या समोर लोणचं ठेवू नका. मागच्या वेळचं आठवतंय ना?" मागची वेळ कुठली ते मी विचारलं नाही. सगळ्यांना ती आठवत होती.

आम्हा आडगणकरांची उजव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली असते. माझी आहे, माझ्या बहिणीची, शालनची आहे, बाबांची सर्वांत जास्त आहे. पेजेच्या वाट्या ठेवत मी दोन्ही डायनिंग कारमधून फिरलो. साठ करंगळ्या वाकलेल्या होत्या. कुणीही तक्रार केली नाही. एका बाईंनी फक्त करंगळीतली अंगठी काढून शेजारच्या बोटात घातली.

दहा वाजता मी डब्यांची पाहणी केली. केबिनच्या दारांवरच्या पितळी पाट्यांवर सगळीकडे आडगणकर असं कोरलेलं होतं. कोरीवकाम जुनं होतं. कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

मी हे कंपनीच्या दीप्ती कर्णिक मॅडमना सांगितलं. देवस्थानं जोडायची कल्पना त्यांचीच, म्हणून त्या पहिल्या फेरीला स्वतः आल्या होत्या. त्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचत होत्या.

"रत्नाकर, सगळ्यांनी एकच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "घरच्यासारखं वाटतं. अकरा वर्षांत असं कुणी लिहिलं होतं का?"

"नाही."

"मग?"

मी दुपारच्या जेवणाची तयारी बघायला गेलो.

बाबा तेव्हा रत्नागिरीला दवाखान्यात होते. मी रविवारी, अकरा तारखेला, त्यांना भेटून गाडीवर आलो होतो. त्यांच्या डाव्या हाताला सलाईन लावलं होतं. सुईवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर नर्सने निळ्या शाईने इंग्रजी आकड्यांत तारीख घातली होती. सुई दर तीन दिवसांनी बदलतात, म्हणून तारीख घालून ठेवतात, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी शालनला आणि मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की आता दिवस मोजायचे. मी गाडीवर जाणार नाही म्हणून कळवायला फोन काढला, तर बाबांनी खुणेने जवळ बोलावलं. पाचवा थांबा कुठला ते शालनने त्यांना सांगून ठेवलं होतं. खाडीकाठचं ते कुंड. बाबा लहानपणी तिथे आजोबांबरोबर जायचे.

"तिथलं तीर्थ आण," ते म्हणाले. "बाटलीत नको. लोट्यात आण. आणि वाटेत लोटा खाली ठेवू नकोस."

घरातला तांब्याचा लोटा घेऊन मी गाडीत चढलो. बाबांचं आजारपण मी गाडीत कुणालाही सांगितलं नव्हतं. पण घरातल्या माणसांना सांगावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी अकरा चाळीसला माझा फोन वाजला. शालनचा होता. मी तो कानाला लावणार एवढ्यात पळनीअप्पन यांनी माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि वाजणारा फोन उताणा तळहातावर धरून उभे राहिले. त्यांच्यामागे दहाबारा जण उभे होते. आरडाओरडा नव्हता. घरात महत्त्वाचं काही ठरवायचं असलं की माणसं जशी ओटीवर येऊन थांबतात, तसे ते थांबले होते.

"रत्नू, चार दिवस कळ काढ," ते म्हणाले. "सगळ्यांचं देवदर्शन व्हायचं आहे."

त्यांना काय म्हणायचं आहे ते मला लगेच कळलं. माणूस गेलं की भाऊबंदांना दहा दिवस सुतक असतं आणि सुतकात देवळाची पायरी चढत नाहीत. पण सुतक धरायचं ते बातमी कानावर पडल्यापासून. आमच्याकडे लग्नघरात अशी बातमी आली तर अक्षता पडेपर्यंत ती अंगणाबाहेर थोपवून धरतात. बातमी आणणाऱ्याला गोठ्याकडे नेऊन चहा देतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उद्या शालनने मला काही सांगितलं, तर ते साठ जणांनी ऐकल्यासारखं होणार होतं आणि पुढचे चारही थांबे त्यांना बाहेरून पाहावे लागणार होते.

मी म्हणालो, "ते बरे आहेत, एवढं सांगायलाही फोन असेल."

"असेल," ते म्हणाले. "पण ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

दीप्ती मॅडमकडे मी रजा मागितली. त्या म्हणाल्या, रजा केव्हाही घ्या, पण रत्नागिरीकडच्या त्या पाचव्या थांब्यावर सगळ्यांत आधी ही गाडीच पोचते, तुम्हाला दुसरं वाहन मिळणार नाही. हे खरं होतं. मी वेळापत्रक स्वतः बनवलं होतं.

फोन लीनबाईंनी पॅन्ट्रीतल्या तांदळाच्या डब्यात पुरला. बाकीच्यांनीही आपापले फोन आणून त्यात पुरले, उगाच कुणाच्या मनात शंका नको म्हणून. दिवसभर तांदूळ अधूनमधून थरथरत होते. येणारा जाणारा एक मूठ वर टाकत होता.

दुसरा थांबा डोंगरावरच्या देवीचा. तिथे जाण्याआधी मी दिगंबरला गाठलं. दिगंबर तीन नंबरच्या डब्याचा अटेंडंट, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, सांगलीकडचा. तो यादीत नव्हता. त्याला काहीही ऐकलं तरी चालणार होतं. मी त्याला म्हटलं, बाहेर जाऊन कुठल्याही फोनवरून माझ्या बहिणीला विचार. तो म्हणाला, विचारतो साहेब, त्यात काय.

साडेअकराला तो देवीच्या कुंकवाचा मळवट भरून परत आला.

"विचारलंस?"

"काय विचारायचं, रत्नूदादा," तो म्हणाला. "तिथं गुरुजी म्हणाले, स्टाफचीपण नावं लिहा, पुण्य लागेल. आम्ही पंचवीस जणांनी लिहिली. गोत्रबित्र कुठं ठाऊक आहे आम्हाला. वरच्या ओळीत जे होतं तेच केलं." त्याने उजवा हात वर करून दाखवला. "आता मलापण आईला भेटायचंय ना त्या शेवटच्या कुंडावर. असं करू नका."

दिगंबरची आई पाच वर्षांपूर्वी वारली. पाचव्या थांब्यावर, कुंडाशी, त्याला ती भेटणार होती, असं त्याने ठरवलं होतं. 

त्या दुपारी मी पॅन्ट्रीकडे निघालो. माझी केबिन तीन नंबरच्या डब्यात आणि पॅन्ट्री चौदाव्या. अकरा वर्षांत ते अंतर मला कधी चार मिनिटांहून जास्त लागलं नाही. त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. डबे तेवढेच होते. प्रत्येक डब्यातली गल्ली लांबली होती. गालिच्यावरची नक्षी तीच होती, फक्त एका फुलापासून दुसरं फूल दूर गेलं होतं. समोरून लीनबाई येताना दिसल्या, त्या जवळ येईपर्यंत मी दोनदा भिंतीला टेकलो.

पॅन्ट्रीत डबा नव्हता. चौदा नंबरचा सगळा डबाच खिडक्यांच्या वरच्या कडेपर्यंत तांदळाने भरला होता. दार उघडताच थोडे तांदूळ माझ्या बुटांवर ओघळले. आत कुठेतरी फोन वाजत होता. मी कोपरापर्यंत हात घातला, मग खांद्यापर्यंत. आवाज जवळ येत नव्हता. बाहेर पडलेले तांदूळ मी ओंजळीने पुन्हा आत भरले, कारण ते तसेच टाकून जाणं बरं दिसलं नसतं.

तिसऱ्या दिवशी स्टेशनवर वसंत आंब्रे उभा होता. वसंत आमचा शेजारी, टेम्पो चालवतो, बाबांना दवाखान्यात त्यानेच नेलं होतं. तो फलाटाच्या पुढच्या टोकाला होता आणि मी मागच्या दारातून उतरलो. त्याने मला पाहिलं, हात वर केला आणि माझ्या दिशेने चालू लागला. मीही चालू लागलो. माझ्या पायांखाली फलाट लांबत होता. त्याच्या पायांखाली नव्हता. तो आडगणकर नव्हे. तरीही त्याला मधेच थांबावं लागलं, कारण पाहुणे त्याला सामोरे गेले होते.

त्यांनी त्याला फार प्रेमाने वागवलं. एकाने खुर्ची आणली. लीनबाईंनी पाणी आणि गूळ दिला. मग बुंदीच्या लाडवांचं ताट आलं. वसंत म्हणाला, आधी मला रत्नाकरला एक निरोप, आणि पळनीअप्पन यांनी त्याच्या तोंडात लाडू घातला.

"आमच्या हातचा एक."

"माझ्या हातचा राहिला की."

"बायकोच्या नावाने एक. तिला काय सांगाल घरी गेल्यावर?"

आग्रह मोडायचा कसा ते वसंतला कधीच कळलं नाही. आमच्या घरच्या प्रत्येक पंगतीत तो शेवटी उठतो. तो चावत होता आणि डोळ्यांनी मला शोधत होता. मी पळत होतो. त्याचे गाल फुगले होते, शर्टावर बुंदी सांडली होती. मी वीस पावलांवर आलो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ठसका लागला होता की दुसरं काही, ते मला तेवढ्या अंतरावरून सांगता आलं नसतं. अजूनही सांगता येणार नाही. गाडीने शिट्टी दिली. दिगंबरने मला दंडाला धरून वर घेतलं. वसंत खुर्चीतून उठला, घास गिळायचा प्रयत्न करत गाडीबरोबर चालू लागला, आणि खिडकीतून कुणीतरी हात बाहेर काढून त्याच्या तोंडात आणखी एक लाडू दिला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यावर रागावलो. जेवणाच्या वेळी डायनिंग कारच्या मध्यभागी उभा राहून मी सांगितलं की तुम्ही माझे कुणी नाही. तुम्ही कोइमतूर, गेंट, लुधियाना आणि पेडर रोडवरून आला आहात. मी फक्त एक रेघ ओढली होती.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग पळनीअप्पन म्हणाले, "त्याचं जेवण झालेलं नाही. त्याला वाढा."

लीनबाईंनी माझं पान मांडलं. कुळथाची पिठी होती, आईच्या हातची असायची तशी, वर लसणीची फोडणी. मला भूक लागली होती. मी जेवलो.

चौथ्या दिवशी मी देवळात गेलो नाही. सकाळी नाश्ता करून चौदा नंबरच्या डब्याकडे निघालो आणि जेवणाच्या घंटेच्या वेळी तिथे पोचलो. दार उघडलं नाही. कान लावून उभा राहिलो. तांदळाच्या आत फोन वाजत होता. तो एकटा माझाच आहे हे मला ओळखू येत होतं. पूर्ण वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मी मोजत राहिलो. सतराव्यांदा वाजला तो मधेच थांबला. नंतर वाजला नाही.

मी तिथेच बसून राहिलो. तेव्हा माझ्या मनात आलं ते असं होतं. शालनचं म्हणणं माझ्या कानावर पडलं नाही, तोवर मला सुतक नाही. सुतक नाही, तोवर मला कुंडात उतरता येतं. गाडीत दुसरं कुणीही ते पाणी माझ्यासाठी आणू शकत नाही, कारण माझं जे होईल ते सगळ्यांचं होईल. आणि पाणी आणायचं ते तीर्थ घेऊ शकणाऱ्या माणसासाठी. म्हणजे मी ऐकलं नाही तोवर बाबा ते घेऊ शकतात. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. त्यात मला चूक सापडली नाही. याचीच मला भीती वाटली.

पळनीअप्पन येऊन माझ्या शेजारी गालिच्यावर बसले. त्यांच्या कपाळाला अंगारा होता.

"फोन थांबलाय," मी म्हणालो.

"चार्जिंग संपलं असेल."

"अप्पाकाका, ते असतील ना?"

मी त्यांना काका म्हटलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांनी बाबांसारखाच घसा साफ केला, दोनदा, दुसरा लहान.

"उद्या तू लोटा विसरू नकोस म्हणजे झालं," ते म्हणाले.

मी उठलो तेव्हा कान दुखत होता. आरशात पाहिलं. दारावरच्या पत्र्याची नक्षी कानावर उमटली होती. परत जायला मला चार मिनिटं लागली.

पाचव्या दिवशी, सतरा तारखेला, गाडी खाडीकाठच्या स्टेशनात सकाळी आठ वीसला उभी राहिली. वेळापत्रकात आठ वीसच होतं. मी लोटा घेतला. साठ पाहुणे आणि पंचवीसजणांचा स्टाफ अनवाणी माझ्या मागून निघाले. दीप्ती मॅडमही चपला हातात घेऊन आल्या. त्यांनी आदल्या दिवशी नाव लिहिलं होतं. चपला धरलेल्या हाताची करंगळी वाकलेली दिसत होती.

कुंडाच्या पायऱ्यांवर एक म्हातारे पुजारी बसतात. उतरणाऱ्या प्रत्येकाला ते तेच विचारतात, कारण तिथली तशी रीत आहे.

"घरी सगळं कुशल?"

माझ्यामागे कुणी श्वास घेत नव्हतं. कपड्यांची सळसळही थांबली होती.

"काही कळलेलं नाही," मी म्हणालो.

"मग उतरा."

पाणी गार होतं आणि तळ दिसत होता. मी लोटा बुडवला, भरू दिला, वर काढला. मागे सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि पाण्यावर तरंग उठले. लोटा काठोकाठ भरला होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग बाकीचे उतरले. दिगंबर कुंडाच्या कडेला बसून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. त्याच्यासमोर पाणीच होतं. मी त्याच्यासाठी थांबलो नाही.

मी फलाटावर आलो तेव्हा गाडीच्या मध्याजवळ शालन उभी होती.

ती माझ्याकडे येऊ लागली. लग्न झालं तेव्हा तिचं गोत्र बदललं, बावीस वर्षांपूर्वी. त्यामुळे फलाट तिच्यासाठी लांबला नाही. ती साध्या पावलांनी, साध्या वेगाने येत होती. दवाखान्याचा नातेवाइकांना देतात तो पास अजून तिच्या गळ्यात होता. तो परत करून यायचं राहिलं होतं, किंवा परत करायची वेळ आली नव्हती. पाहुणे माझ्या मागून धावत आले आणि तिला सामोरे गेले. लाडवांचं ताट पुढे झालं. तिने मान हलवली. पुन्हा आग्रह झाला. तिने ओठ मिटून घेतले आणि पुन्हा मान हलवली. शालन चतुर्थीचा उपास करते. त्या दिवशी चतुर्थी होती की नाही, ते मला काही केल्या आठवेना.

पाहुण्यांना घरच्या मुलीच्या अंगाला हात लावता येईना. ते बाजूला झाले.

ती माझ्यासमोर चार हातांवर येऊन थांबली. तिच्यामागे गाडीची काळी काच होती. तिने आधी लोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा," ती म्हणाली.

एवढं मी ऐकलं. मग माझ्या कानांवर हात आले. पाठीमागून, दोन्ही बाजूंनी, एकावर एक. ऊन लागलेले, ओले, चंदनाचा वास येणारे हात. कुणी जोर केला नाही. ताप आलेल्या मुलाचं डोकं धरावं तसे त्यांनी धरले. फलाटावरचा आवाज गेला, खाडीवरच्या वाऱ्याचा गेला, माझ्या श्वासाचाही गेला. शालनचे ओठ हलत होते. ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, बहिऱ्या माणसाशी बोलतात तशी. पहिला शब्द बाबा होता. तो ओठांवरून कळतो. त्यापुढचा कळला नाही.

लोटा खाली ठेवला असता तर माझे हात मोकळे झाले असते. फलाट स्वच्छ होता. मी गुडघे थोडे वाकवलेदेखील. पाणी कडेवर आलं आणि एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. मी पुन्हा सरळ उभा राहिलो.

मी तिच्या खांद्यावरून काचेत पाहिलं. काचेत मी होतो, छातीशी लोटा, आणि दोन्ही बाजूंनी माझ्या डोक्यावर हातांचे थर. उजव्या हातांच्या सगळ्या करंगळ्या आत वाकलेल्या. डाव्या कानावरचा सगळ्यांत आतला, माझ्या कातडीला टेकलेला हात इतरांसारखा ओला नव्हता. तो गार आणि कोरडा होता. त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर निळ्या शाईत तारीख.

अकरा, चौदा किंवा सतरा. तिन्हींपैकी एक. सतरा असेल, तर सुई आजच बदललेली.

काचेत आकडे उलटे दिसत होते. पहिला एक होता. दुसऱ्यावर उजेड पडत नव्हता. तो वाचता यावा म्हणून मी मान थोडी वळवली, तसा तो हातही माझ्याबरोबर वळला.